सालेमचे कागद व हस्ताक्षरें

सालेमच्या चेटूक-प्रकरणीं १६९२ त १९ असामी फांशीं गेले. बॉयर व निस्सेनबॉम यांनीं १९७४ च्या ग्रंथांत त्याचें मूळ गांवच्या पूर्व-पश्चिम दुफळींत दाखविलें. नकाशा मोठा मोहक. परंतु बेंजामिन रे यांनीं २००८ त घरांच्या जागा पुन्हां ताडून पाहतां ती विभागणी टिकली नाहीं. आमच्या मतें खरी वाट रोझेंथल यांच्या २००९ च्या कागदपत्रसंग्रहानें दाखविली. १९७७ च्या संग्रहांत कागद आरोपींच्या नांवांनुसार लाविले होते. येथें ते कालक्रमानें लावून लेखकांचीं हस्ताक्षरेंही ओळखिलीं आहेत. अनेक जबान्या थॉमस पटनमच्या हातच्या निघतात. आणि त्याची बायको व मुलगी तर आरोप करणारांतल्याच! निरनिराळ्या साक्षीदारांच्या तोंडीं तींच ठराविक वाक्यें कां येतात, याचा बराच उलगडा यानें होतो. मुलींस झटके कां येत, हें मात्र हस्ताक्षर सांगत नाहीं.