मानुषता आणि मित्र

भिलाईच्या स्मृति नगराहून पश्चिमेस निघावे आणि दुर्ग ओलांडावे, की मुंबई-हावडा लोहमार्गावरच राजनांदगाव लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. तिच्या आधीच्याच वर्षी गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापक झाले होते. देशाच्या नाना प्रांतांतील माणसे पोटापाण्यासाठी ज्या मुलखात नव्याने घरे थाटीत होती, तेथेच मराठी घरातील हा कवी हिंदीत लिहीत होता.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या, ही गोष्ट मराठी समीक्षेने बहुधा कौतुकाने, क्वचित हळहळीने नोंदवली आहे. ‘आपला एक कवी हिंदीत गेला’ ही ती हळहळ. तिच्यात प्रेमापेक्षा मालकीचीच भावना अधिक आहे. प्रेमचंदांची भक्ती आपणास आईमुळे जडली, असे गजानन मुक्तिबोधांनी एका लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले आहे. जी भाषा आईच्या आवडीतून घरात आली, तिला परकी कसे म्हणावयाचे? या निवडीत त्यागाचा आव नाही आणि बंडाचाही नाही.

मात्र दोघांच्या साहित्यविचाराची तुलना भाषेच्या पलीकडे जाऊन करावयास हवी. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक साहित्यिक की डायरी’मधील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलेच्या तीन क्षणांचा सिद्धान्त येतो. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला क्षण. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्राचे रूप घेतो, हा दुसरा. ते चित्र शब्दबद्ध होऊ लागते तेथपासून त्याच्या पूर्णतेपर्यंतचा तिसरा. गजानन मुक्तिबोधांचा हा सर्वांत स्वतंत्र विचार. पण तो त्यांनी केशव नावाच्या जुन्या मित्राच्या तोंडी घातला आहे. निवेदक ऐकतो, अडवतो, शंका काढतो. केशवविषयी त्याला ओढ वाटते आणि मधूनच त्याचा कंटाळाही येतो. मैत्रीतला हा कंटाळा किती खरा आहे! सिद्धान्ताचे श्रेय दुसऱ्याला देणे ही येथे केवळ लेखनाची युक्ती उरत नाही. विचार माणसाला माणसाकडून मिळतो, या जाणिवेचे ते रूप होते.

शरच्चंद्रांचा मार्ग वेगळा. ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह आणि ‘क्षिप्रा’ ही कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाने ‘सृष्टि, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात सौंदर्य आणि साहित्यमूल्य यांची फारकत करून ‘मानुषता’ हे साहित्याचे मूल्य मानले. ग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत रूपवादाचा दबदबा असताना हे मांडणे धैर्याचे होते. तथापि ग्रंथाची भाषा एकाकी आहे. तेथे शंका काढणारा केशव नाही, थकलेला श्रोता नाही. मानुषतेचे प्रतिपादन चालते, पण माणूस समोर येऊन बसत नाही. ‘क्षिप्रा’कार शरच्चंद्रांना असा माणूस उभा करता आला नसता, असे थोडेच आहे?

या दोन पुस्तकांचे वाचन मराठी वर्गांतून एकत्र व्हावे. ‘मानुषता’ ही संज्ञा केशवच्या हाती दिली, तर तो पहिल्यांदा तिचा अर्थ विचारील, आणि मग बहुधा ती कोणाच्या घरात पाहिली, हेही विचारील.