रविवारचं टेबल, रोजची गाडी

'ईट ड्रिंक मॅन वुमन'चा (१९९४) विषय निघाला की लोक आधी त्याच्या सुरुवातीबद्दल बोलतात. ताइपेमधल्या एका जुन्या घरात चू हा उतारवयातला नामांकित आचारी रविवारचं जेवण रांधतो आहे. मासा पाण्यातून थेट फळीवर येतो, सुरी चालते, तेल तडतडतं, टोपल्यांतून वाफ निघते. दिग्दर्शक आंग ली हे इतक्या प्रेमाने दाखवतो की, 'उपाशीपोटी हा सिनेमा पाहू नका' असं हमखास सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण त्यात सिनेमा अर्धाच येतो. एवढं रांधून टेबल भरतं आणि जेवायला बसलेल्या तीन मुलींच्या घशाखाली घास उतरत नाही.

रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हा या घरचा नियम. चूची बायको वारली आहे. मुलींशी बोलायला त्याच्याकडे शब्द नाहीत, म्हणून तो पदार्थ मांडतो. मुलींना मात्र ती हजेरी वाटते. एकेक बातमी याच टेबलावर फुटते: कुणी फ्लॅट घेतला, कुणी लग्न उरकून आली. त्यात चूच्या जिभेची चवच गेलेली आहे. हात अजून चुकत नाही, पण मीठ बरोबर पडलंय का, ते जुन्या सहकाऱ्याने चाखून सांगावं लागतं. उलट शेजारच्या छोट्या मुलीचा शाळेचा डबा तो स्वतःहून भरतो. त्या डब्यात नियम नाही, म्हणून तो चाटूनपुसून संपतो.

या कौतुकात एक गोष्ट सहसा निसटते. मधली मुलगी जिया-चिएन बापाइतकीच सुगरण आहे. लहानपणी ती स्वयंपाकघरातच रमायची. बापाने तिला तिथून बाहेर काढून अभ्यासाला लावलं. आज ती विमान कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मनासारखं रांधायचं तर तिला मित्राचं घर गाठावं लागतं. मग घरच्या जेवणाला कला कधी म्हणायचं? बापाने केलं की?

हा प्रश्न घेऊन शिह-चिंग त्सोउचा 'लेफ्ट-हॅण्डेड गर्ल' (२०२५) पाहावा. शहर तेच, ताइपे. पण इथे श्यू-फन ही आई दोन मुलींना घेऊन रात्रबाजारात नूडल्सचं दुकान मांडते. तैवानचा रात्रबाजार म्हटलं की कालवांचं ऑम्लेट, उग्र वासाचं टोफू, साबुदाण्याच्या मोठ्या काळ्या गोळ्यांचा चहा असं सगळं डोळ्यांपुढे येतं. पर्यटकाच्या चवीचा हा बाजार त्सोउ कष्टकऱ्याच्या बाजूने दाखवते. आयफोनवर चित्रित केलेला हा सिनेमा बराचसा धाकट्या इ-जिंगच्या उंचीवरून बाजारात फिरतो: रंगीत दिवे, गिऱ्हाइकांचे पाय, निसरड्या वाटा. श्यू-फनच्या नूडल्सना चूच्या माशासारखं कौतुक मिळत नाही. तिच्या मागे गाळ्याचं थकलेलं भाडं आहे, आणि विभक्त झालेल्या नवऱ्याच्या मरणाचा खर्चही तिनेच उचलला आहे.

आजोबा इ-जिंगला बजावतात की डावा हात सैतानाचा. डावखुऱ्या पोराच्या हातावर चापट मारणारी पिढी आपल्याकडेही होऊन गेली. 'डावं-उजवं करणं' म्हणजे भेदभाव, हे मराठीला वेगळं शिकवावं लागत नाही. इथेही हाताच्या गोष्टीआड मुलगा-मुलगी हा भेद आहेच.

मग आजीच्या साठीची मेजवानी येते. गोल टेबलं, नातेवाईक, नटूनथटून बसलेली माणसं. रोज परक्यांना खाऊ घालणारं हे कुटुंब त्या दिवशी पाहुण्यांसारखं बसतं आणि घराने दडवलेलं सगळं तिथेच बाहेर पडतं. हा प्रसंग मला जरा जास्त भरलेला वाटतो. दोन तासांची गाठ एका भांडणात सोडवायची घाई जाणवते. आंग ली अशा वेळी एका वाक्यावर थांबतो आणि बाकीचं काम चॉपस्टिक्स हातात धरून गप्प बसलेल्या माणसांवर सोपवतो. संयमात तो सरस आहे.

पण नजरेत त्सोउ पुढे गेली आहे. चूला आठवड्यातून एकदा कुटुंबासाठी रांधायची मुभा आहे, कारण घर त्याचं आहे. श्यू-फन ज्यांच्यासाठी राबते, त्यांच्यासोबत निवांत बसायला तिच्याकडे रात्र उरत नाही. 'कुटुंबाने एकत्र जेवावं' हे आपण सहज म्हणून जातो. त्या वेळी पातेलं कोण घासतं आणि भाडं कोण भरतं, हे या सिनेमानंतर विसरता येत नाही.

आंग लीलाही याची जाणीव होती, असं त्याच्या शेवटावरून वाटतं. पांगलेल्या घरातला शेवटचा रविवार जिया-चिएन रांधते आणि तिच्या हातचं सूप पिताना चूला चव परत येते. ज्या मुलीला त्याने स्वयंपाकघराबाहेर काढलं, तिच्याच हातची.