पेटी आवाज वाढवत नाही
(हाताने बनवलेल्या मँडोलिनवरून ध्वनीच्या धड्याची तपासणी)

शालेय विज्ञान प्रदर्शनांत हाताने बनवलेली तंतुवाद्ये अधूनमधून दिसतात. प्लायवूडची पेटी, सागवानी दांडी, पडदे, आठ तारा आणि घोडीजवळ चिकटवलेली एक पितळी चकती, म्हणजेच पिकअप. असा मँडोलिन करायला मुलांनी बरेच कष्ट घेतलेले असतात. शेजारच्या तक्त्यावर मात्र ठरलेली तीन विधाने असतात : तारेच्या कंपनाने ध्वनी निर्माण होतो, पोकळ पेटीमुळे तो वाढतो, पिकअप त्या ध्वनीचे विजेत रूपांतर करतो. ध्वनीच्या धड्यात आणि मार्गदर्शिकांत आपण जे शिकवतो, त्याचाच हा सारांश. आमच्या मते यातले पहिले विधान अपुरे, दुसरे दिशाभूल करणारे आणि तिसरे चुकीचे आहे. हे पडताळून पाहायचे साधन तक्त्याशेजारीच ठेवलेले असते, ही त्यातली गंमत.

‘वाढवते’ म्हणजे काय करते?

दुसऱ्या विधानापासून सुरुवात करू. आपण एकीकडे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवतो आणि दुसरीकडे लाकडाची रिकामी पेटी आवाज वाढवते असे सांगतो. पेटीत ना विजेरी असते, ना चावी. मग वाढलेल्या आवाजाची ऊर्जा येते कोठून? एखाद्या चौकस मुलाने असे विचारले तर ‘अनुनादामुळे’ एवढे उत्तर पुरत नाही. अनुनादसुद्धा ऊर्जा निर्माण करत नाही.

खरा प्रकार असा आहे. मँडोलिनची सर्वांत बारीक तार सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीची असते. ती हलली तरी हवा तिला वळसा घालून पलीकडे निघून जाते. पुढचा दाब आणि मागचा विरळपणा एकमेकांना जवळजवळ मिटवून टाकतात. त्यामुळे नुसती तार हवेला फारच थोडी ऊर्जा देऊ शकते. घोडीमार्फत तीच कंपने पेटीच्या रुंद फळीला मिळाली की फळी पुष्कळ हवा एकदम ढकलते. ऊर्जा तीच, पण ती लवकर खर्च होते. मोठा आवाज आणि दीर्घ आवाज या दोन्ही गोष्टी एकाच छेडण्यातून मिळत नाहीत.

यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून २० सेकंद नुसता हातात धरा आणि मग कानाजवळ न्या. पुन्हा तेवढ्याच जोराने आपटून या वेळी २० सेकंद त्याची दांडी टेबलावर टेकवून ठेवा आणि मग कानाजवळ न्या. दुसऱ्या वेळी उरलेला आवाज स्पष्टपणे क्षीण लागतो. टेबलाने काही ‘वाढवले’ नाही, काट्यातली शिल्लक भराभर काढून हवेला दिली.

‘आठवीच्या मुलांना एवढे कशाला?’ असा आक्षेप येईल. पण ‘पेटी तारेची ऊर्जा हवेला लवकर देते’ हे वाक्य ‘पेटी आवाज वाढवते’ या वाक्यापेक्षा फारसे अवघड नाही. सोपे करणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक केलाच पाहिजे.

सूत्रातली तार आणि वाद्यातली तार

आता पहिले विधान. वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे सोनोमीटरवर मुले पाठ करतात. मँडोलिन बनवताना हेच सूत्र उपयोगी पडते. तारेची लांबी ३५ सेंटिमीटर, जाडी ०.२८ मिलिमीटर, पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट आणि हवी असलेली वारंवारता ६५९ हर्ट्झ, एवढ्यावरून ताण काढला तर तो सुमारे १०३ न्यूटन, म्हणजे साडेदहा किलो वजनाइतका येतो. इतर तारांचा ताणही साधारण याच्या आसपास असतो. आठ तारा मिळून सुमारे ८० किलो झाले. दांडी का वाकते आणि पातळ फळी घोडीखाली का दबते, हे या एका आकड्यावरून कळते. तार चढवताना चेहरा दूर ठेवायला का सांगायचे, तेही कळते.

पडद्यांच्या जागाही गणितातून येतात. प्रत्येक पडद्यागणिक लांबी १.०५९५ ने भागत जायचे. पहिला पडदा वरच्या टोकापासून १९.६ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर, १७५ मिलिमीटरवर. पण तसे करूनही बाराव्या पडद्यावरचा स्वर किंचित चढा लागतो. कारण बोटाने तार पडद्यावर दाबताना ती थोडी ताणली जाते. म्हणून घोडी एकदोन मिलिमीटर मागे सरकवावी लागते. सोनोमीटरवर न दिसणारी ही गोष्ट वाद्य बनवणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी भेटते. मात्र तक्त्यावर तिला जागा नसते.

यापुढचा धडा कोल्हापूरकरांना तासाभराच्या अंतरावर उपलब्ध आहे. मिरजेत १९ व्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे बनतात. त्याची सुरुवात फरीदसाहेब यांनी केली. हे घराणे मूळचे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागातल्या शाळांतून मिरजेचा उल्लेख होतो तो कला किंवा परंपरा म्हणून. भौतिकशास्त्राच्या तासाला तो होत नाही. हे आम्हाला मोठे नुकसान वाटते.

कारण तंबोऱ्याची तार सूत्रातल्या तारेसारखी वागत नाही. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील एका छोट्या निबंधात दाखवले. नियमात तारेचे टोक एका धारेवर घट्ट बसलेले गृहीत धरतात. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिला कानशीने अगदी किंचित बाक दिलेला असतो. तारेखाली सूत सरकवून कारागीर जवारी लावतो. कंप पावणारी तार त्या बाकाला क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्यामुळे तिचे टोक एका जागी राहतच नाही. कारागिराच्या कानाला आणि कानशीला हे माहीत होते; विज्ञानाला त्याची नोंद घ्यायला पुढे यावे लागले.

मँडोलिनची घोडी मात्र धारदार असते, त्यामुळे दोन्हींची तुलना वर्गात करता येते. मँडोलिनवर जोडतारेतली एक तार काढून ठेवा. दुसरी बरोबर मध्यावर छेडून लगेच मध्यावरच बोट हलकेच टेकवा. नाद जवळजवळ पूर्ण थांबतो. आता ती एक चतुर्थांशावर छेडा आणि मध्यावर तसेच बोट टेकवा. वरच्या सप्तकातला स्वर घुमत राहतो. जवारी लावलेल्या तंबोऱ्यावर पहिला प्रयोग केला, तर मध्यावर छेडूनही वरचा स्वर उरतो. ज्या शाळेत तंबोरा आहे तिला हा प्रयोग फुकट आहे.

पिकअप काय ऐकतो?

तिसरे विधान सर्वांत जास्त वेळा लिहिले जाते. पितळी चकतीवर चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या एका पदार्थाचा थर असतो. त्यावर ताण पडला की दोन पृष्ठांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. स्फटिकांतील हा दाबविद्युत परिणाम जॅक आणि पिअर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. चकती हवेतला ध्वनी घेत नाही. ती जेथे चिकटवली आहे तेथल्या लाकडाचे वाकणे घेते. पुरावा हवा असेल तर ती घोडीजवळून काढून पेटीच्या कडेला लावा. समोर बसलेल्याला मँडोलिन पूर्वीसारखाच ऐकू येतो, स्पीकरमधला आवाज मात्र बदलतो. ध्वनीचेच रूपांतर होत असते, तर असे झाले नसते.

प्रदर्शनांत या वाद्यांचा आवाज स्पीकरवर बहुधा पातळ, पत्र्यासारखा येतो आणि दोष स्वस्त चकतीला दिला जातो. प्रत्यक्षात ती चकती म्हणजे एक संधारित्र असते. तिची धारिता २० नॅनोफॅरड आणि ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध १० किलोओहम धरला, तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर दबू लागतात. सर्वांत खर्जातली तार १९६ हर्ट्झची, तिच्या मूळ स्वराचा जेमतेम चौथा हिस्सा पुढे जातो. रोध १ मेगओहम असेल तर ही मर्यादा ८ हर्ट्झवर उतरते. मध्ये एक ट्रान्झिस्टरचे छोटे मंडल टाकले की काम होते. ते नऊ व्होल्टच्या विजेरीवरच चालवावे. बारावीच्या अभ्यासक्रमातले रोध आणि धारिता येथे कानाने ऐकता येतात.

आणि येथेच ‘वाढवणे’ या शब्दाला त्याचा खरा अर्थ मिळतो. ॲम्प्लिफायर विजेरीतली ऊर्जा खर्चून संकेत खरोखर मोठा करतो. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचा विजेचा मँडोलिन वापरला, त्यामागचा विचार यातून समजतो. मँडोलिनचा आवाज लवकर विरतो, आणि जोडतारा ओढून गमक घेणे अवघड. पेटीकडून जे मिळत नव्हते ते त्यांनी विजेकडून घेतले. पेटी आणि ॲम्प्लिफायर या दोन्हींना एकच क्रियापद लावले, तर हा फरक मुलांना कधीच दिसणार नाही.

परीक्षकांना आमची विनंती आहे. तक्त्यावरच्या ठरीव वाक्यांना गुण देऊ नका. चकती हलवली तर काय होईल, घोडी मागे का सरकवली, तार किती किलोने ओढली आहे, असे विचारा. ज्याने वाद्य स्वतः बनवले आहे त्याच्याकडे याची उत्तरे असतात, फक्त ती पुस्तकात नाहीत म्हणून तो सांगायला कचरतो. नववी-दहावीचा वर्ग मिरजेला नेलात, तर जाताना सोनोमीटरवरची निरीक्षणे वहीत असू द्या. कारागिराला जवारी लावून दाखवायला सांगा आणि त्या निरीक्षणांशी काय जुळते व काय जुळत नाही, ते मुलांना तेथेच लिहू द्या.