‘जाणे’, ‘गेला’ आणि फ्रेंच ‘आले’ : अनियमित क्रियापदाच्या अध्यापनाची चिकित्सा

फ्रेंचच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ‘जाणे’ या अर्थाचे ‘आले’ हे क्रियापद सुरुवातीच्या पाठांतच येते. (मराठी कानाला ते नेमके उलट अर्थाचे वाटावे, ही गंमत वेगळी.) ‘मी जातो’ला ‘झ व्हे’, ‘आम्ही जातो’ला ‘नूझालों’, तर ‘मी जाईन’ला ‘झिरे’. ही रूपे ‘अनियमित’ या शिक्क्याखाली तक्त्यात बसवून पाठ करविली जातात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप पाठांतरावर नाही. तो या शिक्क्यावर आणि इंग्रजीच्या मध्यस्थीवर आहे.

‘अनियमित’ म्हटले की विचार थांबतो. वास्तविक ‘आले’ हे एक क्रियापद नसून अनेक लॅटिन धातूंचा जोड आहे. ‘व्हे’, ‘व्हा’ ही रूपे ‘व्हादेरे’पासून आणि भविष्यकाळाचा ‘इर्’ ‘ईरे’पासून आला, ‘आल्’ हा अंश बहुधा ‘आंबुलारे’चा मानतात, मात्र त्याविषयी मतभेद आहेत. मराठीत हेच घडले आहे. ‘तो साकोलीला जातो’ यातील ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘तो साकोलीला गेला’ यातील ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’ या कृदन्ताचा वंशज. ‘कृत’वरून ‘केला’ आणि ‘मृत’वरून ‘मेला’ ही रूपेही त्याच वाटेने आली. मराठीचा असा ऐतिहासिक विचार ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने फ्रेंच भाषेत केला. त्यांचा ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. तरीही फ्रेंच शिकताना मराठी विद्यार्थ्याला दाखला मिळतो तो इंग्रजी ‘गो–वेन्ट’चा.

‘गो–वेन्ट’ निदान दोन धातूंच्या जोडाचे उदाहरण तरी आहे. खरी हानी भूतकाळात होते. ‘तो गेला’, ‘ती गेली’ यात कृदन्त कर्त्याचे लिंग घेते. फ्रेंचमध्येही ‘आले’चा भूतकाळ ‘असणे’ या साहाय्यक क्रियापदाने होतो आणि स्त्रीलिंगी कर्ता असल्यास कृदन्ताला लेखनात एक अक्षर जोडले जाते. उच्चार मात्र बदलत नाही. सकर्मक क्रियापदाचे साम्य अधिक लक्षणीय आहे. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते. फ्रेंचमध्ये ‘एक्री’ (लिहिलेले) या कृदन्ताचे ‘त्याने लिहिलेली चिठ्ठी’ अशा रचनेत ‘एक्रीत’ होते, कारण तेथे कर्म क्रियापदाच्या आधी येते. इंग्रजीत यातले काहीच नाही. इंग्रजीतून शिकविलेला हा नियम विद्यार्थ्याला लहरी वाटतो. भंडाऱ्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी तो लहानपणापासून आहे.

हे साम्य ताणता येत नाही, हेही नोंदविले पाहिजे. मराठीत कर्म कोठेही असो, प्रत्यय न लागलेल्या कर्माशी क्रियापद जुळते. फ्रेंचमध्ये कर्म मागाहून आल्यास कृदन्त जसेच्या तसे राहते. शिवाय मराठी ‘गेला आहे’ आणि ‘लिहिले आहे’ या दोहोंना एकच ‘आहे’ पुरतो. फ्रेंच तेथे ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ अशी दोन साहाय्यक क्रियापदे योजते. मराठी हा भेद कर्त्याला ‘ने’ लावून दाखविते. फरक समजावून देण्यासाठीही आधी मराठी रूप फळ्यावर यावे लागते, आणि प्रचलित मार्गदर्शिकांत नेमकी तीच जागा रिकामी असते.