फुटलेल्या मंडळ्या आणि जुने रसिक

कुंभकोणमला बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणी ना कोणी मरुदानल्लूरला घेऊन जातेच. गाव लहान, कुंभकोणमच्या अगदी जवळचे. पण दक्षिणेकडील भजनसंप्रदायात त्याचे नाव फार मोठे आहे. येथील सद्गुरुस्वामींनी (१७७७-१८१७) नामसंकीर्तनाचा क्रम लावून दिला. आधी तोडयमंगळम्, मग गुरुस्तुती, त्यामागून जयदेवाच्या अष्टपद्या, नारायणतीर्थांचे तरंग, पुरंदरदास, भद्राचलचे रामदास, अशी ती ‘पद्धती’ आहे. काळ तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचा. तेव्हा या भजनात नामदेव-तुकारामांचे अभंग ऐकू आले, तर आपण दचकण्याचे कारण नाही. आपली माणसे तंजावरास या आधी सव्वाशे वर्षे नांदत होती.

गेल्या पौषात आम्ही पाच-सहाजण असेच तेथे गेलो होतो. भजन उत्तम झाले. परतताना गाडीत जो वाद पेटला, तो मात्र भजनाचा नव्हता. आयकर खात्यातील आमच्या एका स्नेह्यांची कन्या विलायतेत असते. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘ओॲसिस’ ही रॉक गायकांची मंडळी सोळा वर्षांच्या अबोल्यानंतर पुन्हा उभी राहिली. दोघे सख्खे भाऊ, दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. तिकिटासाठी कन्येने किती पैसे मोजले हे सांगताना स्नेह्यांचा आवाज कापत होता. त्यावरून विषय निघाला, की भांडून फुटलेल्या आणि आता केस पिकलेल्या या मंडळ्यांनी पुन्हा एकत्र यावे काय? रेल्वेतील एका गृहस्थांनी वसतिगृहात ‘पिंक फ्लॉइड’ची एकच ध्वनिफीत तुटेपर्यंत ऐकली होती. ते म्हणाले, “यावे, अवश्य यावे, मरण्यापूर्वी एकदा तरी.” दुसरे तितक्याच आवेशाने म्हणाले, “मुळीच येऊ नये. आमच्या मनात जे आहे त्याला त्यांनीसुद्धा हात लावू नये.” कुंभकोणम आले तरी दोघे गाडीतून उतरेनात.

हा वाद आम्हांस ओळखीचा वाटला, आणि तो रॉक संगीतामुळे नव्हे. आमच्या वडील पिढीत गंधर्व आणि ललितकला यांवरून घराघरांत अशाच चुली वेगळ्या होत असत. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे थोड्याच काळात टेंबेही त्या मंडळीतून दूर झाले. म्हणजे ज्यांच्या चालींवर ‘मानापमान’ उभे होते तेच घरात राहिले नाहीत. इकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ पासून स्वतंत्र चालत होती. दोन्ही मंडळ्यांचे रसिक एकमेकांस पाण्यात पाहत. अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले. त्या रात्रीबद्दल इतके लिहिले गेले आहे की आम्ही पुन्हा लिहीत नाही. आम्हांस केवळ दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

पहिली गोष्ट वयाची. त्या दिवशी बालगंधर्व तेहेतीस वर्षांचे होते आणि केशवराव अजून एकतिशीत पोचायचे होते. दोघेही ऐन भरात. संयुक्त प्रयोगास येणारा रसिक गतकाळाची आठवण काढावयास येत नव्हता. या दोघांत अधिक कोण, हा तंटा त्याच्या डोळ्यांसमोर, एकाच रंगभूमीवर लागावयाचा होता. आणि तो तंटा खरा असल्यामुळे प्रयोगही खरा झाला. दुसरी गोष्ट प्रयोजनाची. या दोघांस एकत्र आणणारे कारण त्यांच्या बाहेरचे आणि त्यांच्याहून मोठे होते. पाठोपाठ ‘संयुक्त सौभद्र’ही झाले. आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. तीन महिनेही पुरे झाले नाहीत.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कात ‘पिंक फ्लॉइड’चे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मर यांचे वैर त्या मंडळीच्या चाहत्यांस तोंडपाठ होते. आफ्रिकेतील दारिद्र्याकडे धनिक राष्ट्रांचे लक्ष वेधावे म्हणून भरलेला तो जलसा होता. थोडीच गाणी झाली. मग पैशांचे मोठमोठे प्रस्ताव पुढे आले, पण दौरा काढण्यास गिल्मर तयार झाले नाहीत. २००८ मध्ये रिचर्ड राइट वारले आणि प्रश्न कायमचा मिटला. आमच्या रेल्वेच्या स्नेह्यांचे डोळे हे सांगताना पाणावतात. आम्हांस मात्र त्यात ‘संयुक्त मानापमाना’चीच सावली दिसते, केवळ वयाचा फरक आहे. तो फरक लहान नाही. ‘लेड झेपेलिन’ने १० डिसेंबर २००७ रोजी एका जुन्या हितचिंतकाच्या स्मरणार्थ एकच प्रयोग केला; १९८० साली वारलेल्या ढोलवादकाच्या जागी त्याचा मुलगा बसला. जाणकारांनी त्या प्रयोगाची मोकळ्या मनाने स्तुती केली. त्यानंतर गायक रॉबर्ट प्लांट पुन्हा त्या वाटेस गेले नाहीत. ते आपल्या नव्या गाण्यांत रमले. चाहत्यांनी त्यांस फार दोष दिला. आमच्या मते त्यांनी केले ते रास्त होते. विशीतल्या मुलाने घशाच्या वरच्या टोकाशी म्हटलेली गाणी साठीच्या गृहस्थाने महिनोन्‌महिने रोज रात्री त्याच टोकाशी म्हणावीत, ही मागणी करणारा रसिक गायकाचा विचार करीत नाही. त्याला स्वतःची विशी हवी असते आणि ती आणून देण्याचे काम तो दुसऱ्याच्या गळ्यावर सोपवितो.

स्वीडनच्या ‘आबा’ मंडळीने तर या मागणीस एक चतुर उत्तर शोधले. २०२२ पासून लंडनला एका खास नाट्यगृहात त्यांच्या तरुणपणीच्या प्रतिमा यंत्राच्या साह्याने नाचतात आणि गातात. स्वतः मंडळी घरी असतात. कोणी यास फसवणूक म्हणेल. आम्हांस तर त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण प्रेक्षकास जे हवे होते नेमके तेच त्यास विकले आहे.

बालगंधर्वांच्या बाबतीत असे यंत्र नव्हते, आणि म्हणून त्यांचा उत्तरार्ध आठवताना मराठी रसिकास अजूनही अवघडल्यासारखे होते. कर्ज, मंडळीची वाताहत, ‘धर्मात्मा’ चित्रपटातील १९३५ ची एकनाथांची भूमिका, पुन्हा रंगभूमी. आणि साठीच्या आसपासही नेसलेला शालू. त्या प्रयोगांवरून लोक दोन तट करून भांडत. एक म्हणत, डोळे मिटून ऐका, सूर अजून तोच आहे. दुसरे म्हणत, नाटक डोळे मिटून पाहावयाचे असते काय? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न बिनतोड आहे असे आम्हांस वाटते. परंतु त्या पक्षास एक गोष्ट दिसत नसे. म्हातारा नट रंगभूमीवर येतो तेव्हा त्याला चूल पेटवावयाची असते, अंगावर देणे असते, आणि याखेरीज दुसरा धंदा त्याने आयुष्यात केलेला नसतो. आपण निवृत्तिवेतनावर विसंबून ‘वेळीच थांबावे’ असा उपदेश करणारी माणसे. सरकारने आपणांस ठराविक तारखेस थांबविले, म्हणून आपण थांबलो वा थांबू. त्यात आपले शहाणपण ते किती?

नटाचे पाय थकले तेव्हा शेवटी बालगंधर्व बसून भजने गाऊ लागले. ‘कान्होपात्रे’च्या दिवसांपासून त्यांच्या गळ्यात भजन होतेच. भजनास वेष लागत नाही. नायिकेचे वय लागत नाही. जे ऐकणारे त्या बैठकींस गेले त्यांच्यात ‘थांबावे की नाही’ हा वाद माजल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मरुदानल्लूरच्या मठात बसलो असता हेच आमच्या मनात घोळत होते. तेथे जे चालते ते दोनशे वर्षांत कोणा एकाच्या गळ्यावर उभे राहिले नाही. क्रम ठरलेला, पदे ठरलेली. आज एक भागवत पुढे बसतात, उद्या दुसरे. तेथे ‘पुन्हा एकत्र येणे’ हा प्रश्नच संभवत नाही. मात्र या पद्धतीचे मोलही चुकवावे लागते, हे आम्ही लपवीत नाही. बालगंधर्वांची एखादी अकल्पित जागा, ज्या जागेसाठी माणसे रात्रभर बैलगाडीने येत, ती अशा भजनात मिळत नाही, आणि मिळावी अशी अपेक्षाही कोणी करीत नाही.

याच कावेरीच्या काठी तिरुवैयारूस मात्र हा प्रश्न संभवला, आणि तो सुटलाही. त्यागराज १८४७ साली समाधिस्थ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची आराधना सार्वजनिक रूपाने सुरू झाली, तोच शिष्यपरंपरेत फूट पडून ‘पेरिय कच्चि’ आणि ‘चिन्न कच्चि’ म्हणजे थोरली फळी आणि धाकटी फळी, असे दोन तट झाले. दोघांच्या आराधना वेगळ्या, दोघांचे मानकरी वेगळे. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते, ती म्हणजे स्त्रियांनी तेथे गावयाचे नाही. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेने आपली मिळकत घालून समाधीवर मंदिर उभे केले, १९२५ साली त्याची प्रतिष्ठा झाली, आणि तरी गाण्यास बंदी. तेव्हा तिने स्त्रियांची तिसरी फळी काढली. हे तीन सवते सुभे १९४०-४१ मध्ये एक झाले. त्या समेटात एस. वाय. कृष्णस्वामी या आय. सी. एस. अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. आपल्या वाचकांपैकी बहुतेक सरकारी चाकरीतले असल्याने हा तपशील आम्ही मुद्दाम देतो. फायलीबाहेर अधिकाऱ्याच्या हातून झालेले असे काम विरळा.

पण समेट झाला म्हणजे काय झाले? जुन्या थोरल्या फळीची आराधना परत आली नाही, धाकटीचीही आली नाही. सर्वांनी एकत्र बसून पंचरत्न कृती एका सुरात गाव्यात अशी प्रथा पडली, आणि त्या गाण्यात स्त्रियाही आल्या. आज पौष वद्य पंचमीस शेकडो गायक-वादक समाधीपुढे समोरासमोर बसून त्या पाच कृती गातात. शास्त्रज्ञ यावर नाके मुरडतात. शेकडो कंठांत गमकाची धार बोथट होते, कोणी मागे राहतो, कोणी पुढे धावतो, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. आम्ही स्वतः तेथे बसून तो अनुभवला आहे. तरीही आमचा कौल या एकत्र येण्याच्या बाजूने आहे, कारण तिन्ही फळ्यांस आपापला मान खाली ठेवावा लागला आणि त्यांच्या हातून पूर्वी नव्हते असे काही घडले. मंडळ्यांच्या पुनर्मीलनास आम्ही हीच कसोटी लावू. १९२१ चा प्रयोग या कसोटीस उतरतो. हाइड पार्कातील ती गाणीही, जरा कष्टाने का होईना, उतरतात. ओॲसिसच्या दौऱ्यात जुनी गाणी जुन्याच क्रमाने झाली असे आमच्या स्नेह्यांच्या कन्येने कळविले आहे. तिला आनंद झाला, त्या आनंदाशी आमचे भांडण नाही. ती दोघे भावंडे पुढे काही नवे रचतात की काय, तेवढे पाहावयाचे.

इतके सर्व लिहिण्यास एक खाजगी निमित्त आहे, ते आता सांगावयास हरकत नाही. अठरा वर्षांपूर्वी चेन्नईत नेमणुकीवर असलेल्या आम्हां मराठी मंडळींचा एक हौशी संच होता. गणेशोत्सवात ‘सौभद्रा’तील प्रवेश करीत असू. पेटीवाल्यापासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत सर्व आपल्याच खात्याखात्यांतले. एका वर्षी भूमिकांच्या वाटणीवरून बोलाचाली झाली, कोणी कोणाच्या हुद्द्याचा उल्लेख केला, आणि संच मोडला. चूक कोणाची, हे आम्ही येथे सांगणार नाही, कारण त्यात आमचाही हिस्सा आहे. आता त्यांतील एकाचे पत्र आले आहे, की येत्या गणेशोत्सवात तेच प्रवेश, त्याच पात्रांनी पुन्हा करावेत. आमचा अर्जुन गुडघ्यांच्या दुखण्याने काठी घेऊन चालतो. सुभद्रा पुण्यास नातवंडांत आहे. कृष्णाने त्या बोलाचालीनंतर आम्हांस एक ओळ लिहिलेली नाही.

पत्र दोन आठवडे टेबलावर पडून होते. मरुदानल्लूरहून परतल्यावर आम्ही उत्तर लिहिले. येण्यास तयार आहोत. मात्र ‘सौभद्र’ नको. आमच्यापैकी कोणीच पूर्वी केले नाही असे, म्हाताऱ्या माणसांचे एखादे लहानसे नाटक निवडावे, आणि भूमिकांची वाटणी कृष्णाने करावी. उत्तराची एक प्रत कृष्णालाही वेगळी पाठविली आहे. त्याच्याकडून अद्याप काही आलेले नाही.