कासवांचा डीएनए आणि बुडालेली बेटे

अमरावती-अकोल्याची काळी जमीन ज्या बेसाल्टच्या झिजेतून बनली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते त्यामागच्या तप्तबिंदूनेच पुढे हिंदी महासागरात मॉरिशस व रियुनियन ही बेटे उभारली. तेथील परिसरातल्या सिलिंड्रास्पिस ह्या महाकाय कासवांच्या पाचही जाती माणूस पोचल्यावर नामशेष झाल्या. २०१९ मध्ये केलमायर व सहकाऱ्यांनी जुनी हाडे व संग्रहालयांतील नमुने यांतून त्यांचा मायटोकाँड्रियातील डीएनए वाचला.

निष्कर्ष चकित करणारा आहे. हा वंश इओसीनच्या उत्तरार्धातच इतर कासवांपासून वेगळा झाला. त्याला फाटे फुटले ऑलिगोसीनच्या मध्यावर, सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी. मॉरिशसचे वय तर कोटभरही नाही! मग ही कासवे होती कुठे? त्याच तप्तबिंदूच्या, आता बुडालेल्या बेटांवर, असे लेखक म्हणतात.

येथे आम्ही थबकतो. डीएनए नाते सांगतो. जीवाश्मांची जोड दिल्यास काळाचा अंदाजही देतो. पत्ता मात्र सांगत नाही. शिवाय मायटोकाँड्रिया केवळ मातृवंश दाखवतात. फाटे मुख्य भूमीवरच फुटले, मग ते वेगवेगळे बेटांवर आले, ही शक्यता एवढ्याने खोडली जात नाही. पण तसे असेल, तर मुख्य भूमीवरचे त्यांचे सारेच भाऊबंद मागमूस न ठेवता संपले असे मानावे लागते. म्हणून बेटांचा तर्क आम्हाला अधिक पटतो. तरी तो तर्कच आहे.

वर्गात हे सांगताना शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘वाचलेले’ आणि ‘अनुमानलेले’. बुडालेली बेटे कोणत्या रकान्यात, ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.