आकृतीत नसलेली भरती

सागरी कड्याची आकृती आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे एकाच साच्याची येते. उंच कडा, त्याच्या पायथ्याशी खाच, शेजारी गुहा, कमान, स्तंभ आणि खाली सपाट असा तरंगघर्षित चबुतरा. पाण्याची रेषा मात्र एकच. ही आकृती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू निसर्गात आढळते. पण ज्याला ती पाठ आहे त्याला कड्याखालून सुखरूप चालता येईलच असे नाही, ही आमची तक्रार आहे.

काही शिक्षकांबरोबर आम्ही डिसेंबरात हरिहरेश्वरला गेलो होतो. तेथील प्रदक्षिणेचा मार्ग पायऱ्यांनी खाली उतरून कड्याच्या पायथ्याने, खडकावरून जातो. साडेदहाला आम्ही उतरायला निघालो, तेव्हा देवळाजवळ नारळ विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "मास्तर, आज तेरस आहे. दोन वाजल्याशिवाय खाली जाऊ नका." खाली पाहिले तर वाट पाण्यात होती. आमच्यापैकी बहुतेकांनी हा पाठ दहा-दहा वर्षे शिकवलेला. तिथी कोणी पाहिली नव्हती. या मार्गावर लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, तेव्हा ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आजींचा हिशेब साधा आहे. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ ठोकळमानाने मिळते. पक्ष शुद्ध असो वा वद्य. तेरसेला पावणेदहा, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्याचाच हा पाऊण तास. शिवाय तेरस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि तिच्याबरोबर उधाण, जवळ आलेले. (सहल न्यायची तर छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे, आणि पावसाळ्यात तेथे उतरूच नये.) पुस्तकात भरती-ओहोटी असते, पण वेगळ्या धड्यात, बहुधा वेगळ्या इयत्तेत, सूर्य-चंद्राच्या गोळ्यांसह. कड्याच्या आकृतीपर्यंत ती पोचत नाही.

चारच्या सुमारास आम्ही चबुतऱ्यावर उभे होतो आणि एका शिक्षकांनी विचारले, "सर, यातला चबुतरा कोणता?" प्रश्न रास्त होता. आकृतीतला चबुतरा टेबलासारखा गुळगुळीत असतो. इथला बेसॉल्ट खडबडीत, भेगाळलेला, जागोजागी रांजणखळगे पडलेला. कमान आणि स्तंभ यांची ती ओळीने मांडलेली मिरवणूकही इथे दिसत नाही. ती पाहून इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचे, खडूच्या मऊ खडकातले ओल्ड हॅरी स्तंभ आठवतात. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो आपल्या भेगांप्रमाणे आणि थरांप्रमाणे झिजतो.

आणि झिजवते कोण? पुस्तकाचे उत्तर एका शब्दाचे: लाटा. पण कड्याच्या अंगावर, लाटेच्या नेहमीच्या टप्प्याच्या वर, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. तुषारांतले खारे पाणी खडकात मुरते, उन्हाने वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटतात. लाट बऱ्याचदा फक्त तो चुरा उचलून नेते. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समधील 'ओल्ड हॅट' नावाच्या बेटाभोवतीचा सपाट चबुतरा पाहून जेम्स ड्वाइट डाना यांनी १८४९ मध्ये जवळपास हेच मांडले होते: पाण्याने कायम भिजलेला खडक टिकतो, त्यावरचा कुजतो, लाटा कुजलेला भाग धुऊन नेतात. लाटांचा वाटा किती आणि या कुजण्याचा किती, हा वाद तेव्हापासून चालू आहे. विद्यार्थ्यांना इतका चांगला वाद दाखवायचा सोडून आपण त्यांना एका शब्दाचे उत्तर देतो.

काळाचे तर नावच नाही. यॉर्कशायरमधील होल्डरनेसची हिमानी माती वर्षाला दीड-दोन मीटर मागे हटते. बेसॉल्टच्या बाबतीत मिलिमीटरांचीच भाषा करावी लागते. समजा, वर्षाला १ मिलिमीटर. समुद्राची पातळी आजच्या आसपास येऊन सुमारे ७,००० वर्षे झाली, म्हणजे चबुतरा ७ मीटर रुंद हवा. आम्ही पावलांनी मोजला तो एका जागी तीस पावलांहून अधिक भरला. मग वेग जास्त असला पाहिजे, किंवा यातला काही भाग जुना, सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यासारखा उंच होता तेव्हाचा असला पाहिजे. मधल्या हिमयुगात, २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र १२० मीटर खाली होता आणि हा कडा कोरड्या जमिनीवर उभा होता. दोन्हींपैकी काय खरे, हे फितीने मोजून ठरणार नाही. पण प्रश्न फितीनेच सुरू होतो, आणि नववीतल्या मुलाला तो पेलतो.

आकृतीत दोन रेषा वाढवाव्यात, भरतीची आणि ओहोटीची, आणि कड्याच्या वरच्या अंगाला थोडी जाळी काढावी, एवढेच आमचे मागणे. जागा नाही ही सबब पटणारी नाही. काही पुस्तकांत त्या स्तंभाच्या माथ्यावर दोन पक्षी उडताना काढलेले असतात.